दोन फवारे, कानामागे

३ फेब्रुवारी, सोमवार

वही नवीन, पेन नवीन, नोकरी नवीन! ब्युरोच्या मॅडम बोलल्या, माया, पेशंटचं रोजच्या रोज लिहायचं, बीपी किती, साखर किती, जेवण किती. ते त्यांच्या छापील कागदावर लिहीनच. ही वही मात्र माझी. आमच्या मोहने गावच्या शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा, खोटं नाही सांगत.

डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या माळ्यावर घर. लिफ्ट आहे, आणि चालते पण! मला स्वतंत्र खोली, त्यात कपाट, त्याला आरसा. मोहन्याला आम्ही तीन बायका एका खोलीत, मी, माझी आई रंभाबाई आणि माझी अक्षदा. अक्षदा सात वर्षांची. तिच्या बापाचं नाव या वहीत येणार नाही. तो त्याच्या नव्या संसारात सुखी, आम्ही आमच्या.

पेशंट म्हणजे आंबेरकर आजी, वय अठ्ठ्याहत्तर. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, आठवण येऊन जाऊन. मुलगा सिद्धेश, ठाण्याला ऑफिस, लग्न केलेलं नाही. त्याने मला किचनमध्ये नेलं, नळ सोडला आणि हळूच सांगितलं की त्याची मोठी बहीण रुचिता ऑक्टोबरमध्ये डेंग्यूने गेली. चार दिवसांत संपलं. आजींना सांगितलेलं नाही. त्यांच्यासाठी ती दुबईला आहे, नोकरीला. मी पण तेच बोलायचं. आणि माझी खोली ती तिचीच खोली. मी बोलली, चालेल, मला भुतांची भीती नाही, माणसांची आहे. तो हसला बिचारा.

सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी लिहिते. सिद्धेश बोलला, काम नीट झालं तर जूनपासून मुलीला इथेच आणा, जवळच शाळा आहे. अक्षदा माझ्या पदरात नाक खुपसल्याशिवाय झोपत नाही. बोलते, तुझा वास आला की झोप येते. कसला वास, तर खोबरेल तेल आणि लाल साबण! जूनपर्यंत काढायचंय फक्त.

५ फेब्रुवारी, बुधवार

आजी जेवत नाहीत. काल दोन चमचे पेज, आज तेवढी पण नाही. भरवायला गेली की माझ्याकडे तोंड करून नाक ओढतात, मग मान फिरवतात. रागावत नाहीत. उलट फार गोड बोलतात. म्हणाल्या, बाळ, तू दमली असशील, तू जेव. रुचिता आली की मी जेवेन.

माझ्या नाकी नऊ आले. माझ्याआधी चार बाया येऊन गेल्या म्हणे. ब्युरोला कळलं तर मलाही हलवतील, मग कसलं जून आणि कसली शाळा. मेतकूट-भात करून बघितला, घावन करून बघितलं. आजींनी घावन हातात धरलं, वास घेतला आणि परत ताटलीत ठेवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं पण आवाज नाही. मला माझ्या आजीची आठवण आली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज गंमतच झाली. गंमत म्हणू की काय म्हणू.

सिद्धेशला सुट्टी. कपाटाच्या वरच्या खणातून त्याने एक खोका काढला. आत तपकिरी काचेची जड बाटली, सोनेरी झाकण. रुचिता ठाण्याच्या मॉलमध्ये सेंटच्या काउंटरवर हेड होती, आणि स्वतः कायम हेच लावायची. तो माझ्याकडे न बघताच बोलला की एकदा लावून बघाल का, आईला वाटेल तीच आहे, निदान दोन घास जातील. बोलताना कान लाल झाले होते त्याचे. मला आधी कसंतरीच वाटलं. मेलेल्या बाईचं सेंट! पण म्हातारी उपाशी आहे, त्यापुढे काय. माझी अक्षदा उपाशी असती तर मी कोणाचंही काहीही अंगाला फासलं असतं.

खोक्यात एक कार्ड होतं, गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला रुचितानेच लिहिलेलं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, देखणं. लिहिलंय की ओरिएंटल सुगंध सगळ्यांना पेलत नाही. ही बाई हळू बोलते, पण घर तिचंच ऐकतं. तिला कडू आवडतं. तिला नाही ऐकायची सवय नसते. ती गेली तरी खोलीतून जात नाही. खाली रेघ मारून: दोन फवारे, कानामागे.

मी पोट धरून हसली. मी म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा आवाज, चहात तीन चमचे साखर, आणि जन्मभर लोकांकडून 'नाही'च ऐकत आलेली. माझ्यात या बाईचं एक तरी लक्षण आहे का?

फवारले. आधी संत्र्याची साल, मग लवंग, मग ऊद, आणि सगळ्यात शेवटी कस्टर्ड. बाई गं, एका बाटलीत आख्खा बाजार!

आजींच्या जवळ बसली. त्यांनी मान वर केली. माझ्या कानाजवळ नाक आणलं, थांबल्या, आणि म्हणाल्या, आलीस गं? किती वाट बघायला लावलीस. वाटीभर भात जेवल्या. सिद्धेश दारात उभा राहून रडत होता. मी पण रडली. पण आनंद झाला, खरंच झाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी, मोहन्याला जाऊन आली. आजींचं वजन वाढलंय, मॅडम खूश. निघण्याआधी डोकं-अंग लाल साबणाने घासून घेतलं.

अक्षदाने गल्लीतच गाठलं. चौदा एप्रिलला, जयंतीला, तिला पांढरा फ्रॉक पाहिजे, निळ्या पट्ट्याचा, आणि तो घालून मिरवणुकीत माझ्याच खांद्यावर बसायचंय. मी बोलली, घोडी झालीस, खांदा मोडशील माझा. पण फ्रॉक घेणार, कबूल.

दुपारी पदरात नाक खुपसून झोपायला आली आणि उठून बसली. बोलली, आई, तू पाहुण्यांसारखी वास मारतेस. आम्ही हसलो. मग ती माझ्या आईच्या कुशीत जाऊन झोपली. मी उगीच पंख्याकडे बघत पडली होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आजी दोन्ही वेळ जेवतात. त्यांची नखं वाढली होती म्हणून मी शोकेसच्या डाव्या खणातल्या जुन्या चष्म्याच्या डबीतून नेलकटर काढलं आणि कापून दिली. नंतर विचार केला, ते तिथे आहे हे मला कोणी सांगितलं? हा खण मी कधी उघडलेलाच नाही. असेल, आजी बोलल्या असतील कधीतरी.

दुसरं म्हणजे चहा जात नाही. सकाळपासून तोंडाला मिठी बसल्यासारखं होत होतं. सिद्धेशची कॉफी होती ती बिनसाखरेची घेतली. बरी लागली. माझ्या आईला सांगितलं तर बोलेल, डोंबिवलीची हवा लागली पोरीला!

२ मार्च, रविवार

आज सुट्टी असून गेली नाही. आजींना ताप होता.

दुपारी मी आजींचे केस विंचरत होती आणि त्यांना गुहागरच्या घरामागचा रायवळ आंबा सांगत होती, त्याच्या फांदीवरून पडून माझी हनुवटी कशी फुटली आणि बाबांनी हळद कशी दाबली. आजी हसत होत्या. सिद्धेश बाहेरून आला आणि दारातच थांबला. तोंडातून 'ताई' निघालं त्याच्या.

मी गुहागर बघितलेलं नाही. माझी हनुवटी कधी फुटलेली नाही. माझे वडील कंपनीत कामाला होते, त्यांनी झाड कुठून आणायचं?

त्याला किचनमध्ये नेऊन विचारलं, काय लपवलंय ते आत्ताच्या आत्ता सांग. मग बोलला. कल्याणच्या खाडीवर गुपचूप दहावा केला. यांच्यात भाताचा पिंड ठेवतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. नाही शिवला तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, मग घरच्यांनी शब्द द्यायचा. आमच्यात हे नाही, आम्ही बुद्धवंदना घेऊन पुण्यानुमोदन करतो आणि उठतो. तर दोन तास कावळे समोर बसून राहिले. त्याने बोलून बघितलं, आईची औषधं चुकवणार नाही. नाही. आईला वृद्धाश्रमात ठेवणार नाही. नाही. भटजी कंटाळले. शेवटी तो रडत बोलला, ताई, आईजवळची तुझी जागा रिकामी ठेवणार नाही. तोंडातलं वाक्य संपायच्या आत कावळा आला.

मी बोलले, अरे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला! दोन तास बसलेले कावळे कधी ना कधी येणारच. त्याने मान हलवली. पण तो माझ्या हाताकडे बघत होता. माझं घड्याळ उजव्या हातात होतं. ते मी जन्मात कधी उजव्या हातात बांधलेलं नाही. रुचिता बांधायची म्हणे.

वर 'बोलले' लिहिलंय. आम्ही 'बोलली' बोलतो.

८ मार्च, शनिवार

बस झालं. बाटली बेसिनमध्ये ओतून टाकली, शेवटच्या थेंबापर्यंत. काच फोडून कचऱ्यात दिली. कार्ड फाडलं. दिवसभरात तीनदा अंघोळ केली.

आजी जेवणार नाहीत याची भीती होती. ताट घेऊन गेली. त्यांनी नाक ओढलं आणि म्हणाल्या, आज जास्त लावलंस वाटतं, रुचिता.

मी बाहेर येऊन माझा हात हुंगला. मग कोपर, मग घामाचा ब्लाऊज. संत्र्याची साल. लवंग. ऊद.

बाटली नाही. काहीच लावलेलं नाही. हे माझ्यातून येतंय.

१६ मार्च, रविवार

मोहने. अक्षदा दारातूनच नाक धरून मागे सरकली. मी हाक मारली तर माझ्या आईच्या मागे लपली. मी बोलली, अगं मी आहे, आई आहे. ती बोलली, मग नेहमीसारखी ओरड ना. मी ओरडायला गेली आणि आवाज निघालाच नाही. हळू निघाला. गोड, हळू, शिकलेल्या बाईसारखा.

पोर रडायला लागली. मीही रडले. माझ्या आईने विचारलं, माया, काय झालंय तुला, कोणी काही केलं का? मी सगळं सांगितलं. आई बोलली, परत जाऊच नकोस. मी हो म्हटलं, खरंच म्हटलं. चपला काढून पाय पोटाशी घेऊन बसली होती मी, आठवतंय मला.

आणि संध्याकाळी पाच वाजता मी इथे आजींना औषध देत होते. मधलं काही आठवत नाही.

२३ मार्च, रविवार

कपाटात फ्रॉक आहे. पांढरा, निळा पट्टा. मी घेतला असणार. कोणासाठी हे आठवायला सकाळी बराच वेळ लागला. बराच म्हणजे, भांडी घासून, कुकर लावून, तीन शिट्ट्या होईपर्यंत. मग आठवलं आणि मी ओट्याला धरून उभी राहिले.

आता तळहातावर बॉलपेनने नाव लिहिते. अक्षदा. रोज गिरवणार. लेकरू विसरणारी आई असते का कुठे? मी तिला नऊ महिने —

सिद्धेश माझ्याकडे बघून शांत दिसतो हल्ली. त्याला सांगितलं की मला जाऊ दे. म्हणाला, ताई, कुठे जाणार तू?

२८ मार्च, शुक्रवार

आज आजींचं डोकं स्वच्छ होतं. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, बाळ, तुझं खरं नाव काय? मी बोलली, माया. म्हणजे बोलता आलं अजून.

म्हणाल्या, रुचिता गेली हे मला ऑक्टोबरातच कळलंय. त्या दिवशी घरात पिठलं-भात आला. आपल्या पिठल्यात आमसूल असतं, त्या पिठल्याला लसणीचा वास होता. शेजारचं पिठलं-भात घरात कधी येतं, हे आंधळीला कळत नाही का? ज्या घरची चूल बंद, त्याच घरात येतं. सिद्धेश दुबई दुबई करत राहिला, मी हो हो करत राहिले. त्याला तेवढाच आधार. मग तू तिचा वास घेऊन आलीस. मला ठाऊक होतं तू ती नाहीस. पण भूक लागली गं. लेकीबरोबर एक घास, असं म्हणत म्हणत तुला खाल्लं मी.

मग मला ढकललं त्यांनी, त्या काडीसारख्या हातांनी. जा, तुझं लेकरू आहे ना, ऊठ, जा. मी मेले तरी मागे येऊ नकोस. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

पिशवी भरली. फ्रॉक घेतला. खाली गेली. रिक्षा थांबली. कुठे जायचं? विचारलं त्याने. मला तोंडात शब्द सापडेना. आमच्या गावाचं नाव, जिथे शाळा, जिथे निबंध, जिथे ती — शेवटी बोलले काहीतरी. रिक्षावाला हसला. म्हणाला, मॅडम, ही काय, याच बिल्डिंगच्या दारात उभ्या आहात की.

४ एप्रिल, शुक्रवार

फोन केला मोहन्याला. वहीत आईचं नाव होतं म्हणून नंबर सापडला. माझ्या आईने दोनदा विचारलं, कोण बोलतंय. मी म्हणाले, माया. ती म्हणाली, राँग नंबर. परत लावला. रडत सांगितलं, आई, मी रंभाबाईची माया, लहानपणी तुझ्या नाकातली चमकी ओढून तोडली ती माया. तेव्हा ऐकलं तिने.

तिला सांगितलं, चौदाला ये. अक्षदाला घेऊन ये. मी काहीही बोलले तरी ऐकू नकोस, हात धरून ओढत ने. पोरीने हाक मारली की मी येईन. तिचं ऐकेन मी.

आजी जेवत नाहीत आता. मुद्दाम. माझ्यासाठी. वास आला की तोंड घट्ट मिटतात.

मला राग येतो त्याचा. मला नाही ऐकायची सव —

नाही. हे मी नाही लिहिलं.

९ एप्रिल, बुधवार

पाच दिवस. टिकायचं. अक्षदा अक्षदा अक्षदा. सात वर्षं. पुढचे दोन दात पडलेत. खोबरेल तेल. लाल साबण. खांद्यावर बसणार. माझ्या —

अक्षर झुकतंय. सरळ धरते पेन आणि ते उजवीकडे —

आजींनी आज मला मायाच म्हणून हाक मारली, सारखी, दिवसभर. माया, माया, माया. घसा बसला त्यांचा. मी किती वेळाने वळून बघितलं.

अक्षदा. ती माझी कोण, ते लिहून ठेवते, ती माझी —

१४ एप्रिल, सोमवार

सकाळपासून रस्त्यावर ढोल-ताशे आहेत. निळे झेंडे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं. गॅलरीतून छान दिसतं. कॉफी घेऊन बराच वेळ उभी होते.

आई जेवायला त्रास देते आहे. दहा दिवस झाले, सिद्धेश फार काळजीत आहे. मी म्हणाले, मी आले आहे ना, जेवेल ती. माझ्या हातून जेवायला ती कधी नाही म्हणत नाही.

अकराच्या सुमारास बेल वाजली. एक वयस्कर बाई आणि छोटी मुलगी, मोहन्याहून आलेल्या. बाईंनी माझा दंडच धरला, कुठल्याशा मायाला घरी चल म्हणून ओढू लागल्या. ऊर बडवून रडत होत्या. कोणाची तरी लेक हरवली असावी. मी त्यांना पाणी दिलं. मुलगी हाका मारत होती, आई, आई. फार आर्त हाक होती, माझे डोळे का भरून आले कळलं नाही. मग ती पुढे झाली, माझ्या ओढणीत तिने नाक खुपसलं आणि खूप वेळ तशीच उभी राहिली. आणि मागे सरली. अगदी हळू आवाजात बोलली, आजी, चल, ही आई नाय. त्या बाईंच्या हातातलं बळच गेलं. जिना उतरेपर्यंत मुलगी मागे वळून बघत होती. पुढचे दोन दात नव्हते तिला.

आतून आई ओरडत होती, दार उघड, त्यांना थांबव, माया, तुझी पोर चालली गं! मी तिला थोपटलं. तिला अलीकडे भास होतात.

आवराआवर करताना कपाटात लहान मुलीचा पांढरा फ्रॉक सापडला, निळ्या पट्ट्याचा. या घरात लहान मूल नाही. आणि ही वही. कुणा कामवाल्या बाईची दिसते, पहिली पानं तिच्या अक्षरात आहेत. चाळली थोडी. वाचताना इतकं रडू का येतंय, तेच समजत नाही. रडून रडून पान भिजलं.

हाताला शाई लागली आहे, म्हणून धुवायला गेले. तळहातावर काहीतरी लिहिलंय, खोल गिरवलेलं, साबणाने घासलं तरी जात नाही. उजेडात धरून बघते. अक्ष —